हरभऱ्यातलं हरीण

वऱ्हाडात हरभरा उगवून आला की काळविटांचे कळप शेतात उतरतात. तो कुणी त्यांच्यासाठी पेरलेला नसतो. पण ई-क्लासची, म्हणजे सरकारी चराईची, गवताळ जमीन नांगराखाली गेल्यावर त्यांनी चरावं कुठं? म्हणून धुऱ्यावर दबा धरून, शेजारी लेकराला बसवून केलेली शिकार मला आमिषाच्या शिकारीहून वेगळी वाटत नाही. आमिष हेतूनं टाकलं नाही, एवढाच फरक. फायदा घेतला जातो तो भुकेचाच. १९७२च्या कायद्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, तेव्हा कायद्याचं उत्तर सोपं. नीतीचं नाही.

शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे. रोही, रानडुकरासाठी परवान्याची आणि भरपाईची वाट आहे (कागदांनी अडलेली, हे सांगायला नकोच). पण पीक राखणं वेगळं आणि पोराला मजा म्हणून मरण दाखवणं वेगळं. अवघड आक्षेप दुसराच आहे: अमरावती-अकोल्याकडच्या फासेपारध्यांची पोरं बापामागं हिंडतच माग, गवत, पाखरं ओळखू लागली. शिवाय फाशात जनावर जिवंत सापडतं, त्यामुळे गाभण मादी सोडून देता येते. बंदुकीला ती सोय नाही. हे ज्ञान मोलाचंच, मात्र ते टिकायला शिकार लागतेच असं नाही. अकोला-वाशिमकडं काही फासेपारधी ‘संवेदना’ संस्थेसोबत तणमोर पक्ष्याची गवताळ रानं राखतात. नजर तीच कामी येते. त्या राखणीवर घर चालत नाही तोवर ‘लेकराला शिकारीला का नेतोस’ हा प्रश्न मी पारधी बापाला आधी विचारणार नाही. जीपमधून बंदूक आणि पोरगं घेऊन येणाऱ्याला विचारीन.