साध्या डिस्कच्या बाजूने

भोकं पाडलेल्या डिस्कच्या बाजूने मी पुष्कळ भांडलो आहे. चहाच्या टपरीवर भांडलो, लग्नाच्या पंगतीत भांडलो. गाडी चपळ असेल तर तिला कंपनीची सपाट डिस्क शोभत नाही, असं माझं ठाम मत होतं. भोकं आणि खाचा असलेली विलायती डिस्क, जोडीला रेसिंगचे पॅड, आणि जमलंच तर कॅलिपरला लाल रंग. आता मी या पंथातून बाहेर पडलो आहे. हे छापून सांगताना थोडा संकोच वाटतो, कारण माझ्या शब्दावर काही मित्रांनी खिसे हलके केले होते आणि त्यातला एक अजून मला टाळतो.

माझी गाडी पोलो जीटी टीएसआय. चाकणला बनलेली, १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ अश्वशक्ती, पुढे डिस्क आणि मागे ड्रम. आजच्या पोरांना हे आकडे किरकोळ वाटतील, पण २०१३ मध्ये ती बाजारात आली तेव्हा छोट्या गाडीत असा जोर दुर्मीळ होता. २०२२ मध्ये भारतात पोलो बनणं थांबलं आणि आम्हा मालकांचे लाड अधिकच वाढले. नोकरीने मला चेन्नईच्या अंबत्तूरला आणलं, मागोमाग गाडीही आली. काही काळाने तिच्या पुढच्या डिस्क किमान जाडीपर्यंत झिजल्या. ही किमान जाडी बहुतेक डिस्कवर कोरलेलीच असते. त्याखाली गेल्यावर लेथवर कट मारून भागत नाही, डिस्क बदलावीच लागते. मी लगेच परदेशी कॅटलॉग उघडला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, त्याचा याहून चांगला नमुना सापडणार नाही. अंबत्तूर आणि त्याला लागून असलेलं पाडी हा देशातल्या ब्रेकचा पट्टा आहे. ब्रेक्स इंडिया १९६२ पासून पाडीत आहे. टीव्हीएस गर्लिंगची खोकी देशभरातल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत दिसतात, ती यांचीच. पूर्वी ट्रकचे एअर ब्रेक बनवणारी सुंदरम क्लेटन पाडीचीच, ब्रेकचे लायनर बनवणारी सुंदरम ब्रेक लायनिंग्जही पाडीची, आणि राणेचा ब्रेक लायनिंगचा कारखाना अंबत्तूर इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये. दर्जासाठीचं जपानचं डेमिंग पारितोषिक भारतात सर्वात आधी, १९९८ मध्ये, सुंदरम क्लेटनला मिळालं. सुंदरम ब्रेक लायनिंग्जला ते २००१ मध्ये आणि राणेला २००३ मध्ये मिळालं. या सगळ्यांच्या फाटकांवरून मी रोज जात होतो आणि मनात म्हणत होतो, ट्रक-रिक्षावाल्यांचा माल, आपल्या गाडीला काय कामाचा. गंमत म्हणजे ज्या इटालियन ब्रेम्बोचं नाव आम्ही देवासारखं घेतो, तिचा दुचाकींचे ब्रेक बनवणारा कारखाना माझ्या गाडीच्या जन्मगावी, चाकणलाच आहे.

मत हललं ते आमच्या इमारतीतल्या एका निवृत्त गृहस्थांमुळे. त्यांनी उभं आयुष्य ब्रेकच्या चाचण्यांत घालवलं आहे. माझी खरेदीची यादी त्यांनी शांतपणे वाचली आणि विचारलं, "सार, तुमचे ब्रेक शेवटचे नीट तापले कधी?" मला उत्तर देता आलं नाही. अंबत्तूरच्या सीटीएच रोडवर सकाळी जी गर्दी असते, तिच्यात गाडी तिसऱ्या गिअरमध्ये गेली तरी सण साजरा करावा.

ब्रेकचं काम गतीची उष्णता करून ती हवेत सोडायची, एवढंच. माणसांसकट बाराशे किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवली तर साधारण ४६० किलोजूल उष्णता तयार होते. दीड लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी. वेग निम्मा असेल तर उष्णता चौथाई होते. डिस्कची भोकं, पॅडचं रसायन, आतल्या पंख्यांची घडण, ही सगळी हुशारी या उष्णतेचं काय करायचं यासाठी असते. गाडी किती अंतरात थांबेल हे मात्र शेवटी टायर ठरवतो. कंपनीचे ब्रेक चाक जाम करू शकतात आणि एबीएसला कामाला लावू शकतात. त्यापुढे जास्त जोराचा ब्रेक बसवून एका थांबण्यात फरक पडत नाही. टणक झालेल्या टायरवर चालणाऱ्या गाडीला महागडी डिस्क लावणारे मी पाहिले आहेत. त्या काळात माझे टायरही काही नवे नव्हते.

भोकांची गोष्ट तर आणखी मजेदार. जुन्या पॅडमधलं राळेसारखं बंधक तापलं की वायू सुटायचा आणि पॅड-डिस्कच्या मध्ये त्याची गादी तयार व्हायची. तो वायू निघून जावा म्हणून भोकं आली. आजच्या चांगल्या पॅडमध्ये तो त्रास फारसा उरलेला नाही. भोकं पाडल्याने डिस्कचं लोखंड कमी होतं, म्हणजे उष्णता साठवायची जागा कमी होते, आणि वारंवार तापून निवल्यावर तडे बहुधा भोकाच्या कडेपासूनच सुरू होतात. खाचा त्या मानाने बऱ्या. त्या पॅडचा पृष्ठभाग खरवडून स्वच्छ ठेवतात, पण त्याच कारणाने पॅड लवकर खातात. ओतीव लोखंडाची साधी, आतून हवा खेळती असलेली डिस्क हे कंटाळवाणं दिसणारं पण फार विचारपूर्वक केलेलं यंत्र आहे. त्या लोखंडातले ग्राफाइटचे पापुद्रे उष्णता वाहून नेतात आणि आवाजही शोषतात.

पॅडच्या बाबतीत मी 'जितका रेसिंगचा, तितका चांगला' या मताचा होतो. रेसिंगचा पॅड तापल्यावरच नीट पकडतो. सकाळी पार्किंगमधून निघाल्यावर पहिल्याच वळणावर रिक्षा आडवी आली, तर गार रेसिंग पॅड साध्या पॅडपेक्षा कमी पकडू शकतो, शिवाय किंचाळतो ते वेगळंच. बऱ्याच पॅडच्या कडेला दोन अक्षरं छापलेली असतात, एफएफ, जीजी अशी. पहिलं अक्षर सामान्य तापमानातल्या घर्षणाचं, दुसरं तापलेल्या अवस्थेतलं. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी त्याहून वर. हे दर्जाचे गुण नाहीत, पण पहिल्यापेक्षा दुसरं अक्षर खालचं असेल तर तो पॅड तापल्यावर हात टेकतो, एवढं कळतं. युरोपचा आर९० हा नियम मला याहून उपयोगाचा वाटतो: बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या १५ टक्क्यांच्या आत असली पाहिजे. मूळ पॅडपेक्षा फार जोराचा पॅडही तिथे नापास होतो. पुढची-मागची ब्रेकिंगची वाटणी गाडी बनवणाऱ्याने ठरवलेली असते आणि ती बिघडवायची नसते, हे मला या नियमाने शिकवलं.

आणि ब्रेक ऑइल! या विषयावर मी कधी एक शब्द बोललो नव्हतो, कारण त्याला लाल रंग देता येत नाही. डॉट-४ ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो; पाणी शोषून घेतल्यावर मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरते. हे ऑइल हवेतला ओलावा ओढतं, आणि चेन्नईच्या हवेत ओलाव्याला तोटा नाही. घाट उतरताना ऑइल उकळलं की पायाखालचं पेडल स्पंजासारखं होतं आणि मग कितीही महाग डिस्क असली तरी उपयोग नसतो. दर दोन वर्षांनी ते बदलायला नव्या डिस्कच्या खर्चाच्या मानाने किरकोळ पैसे लागतात.

तरी मी पूर्ण वैराग्य घेतलेलं नाही. इरुंगट्टुकोट्टईला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ३.७१७ किलोमीटरचा ट्रॅक आहे. तिथे फेऱ्यांमागून फेऱ्या मारायच्या असतील तर साधा पॅड टिकणार नाही. तिथे उंच तापमानाचे पॅड आणि ताजं ऑइल हवंच, आणि घरी परतण्याआधी पॅड पुन्हा बदललेले बरे. कोल्ली टेकड्यांचा सत्तर वळणांचा रस्ता उतरतानाही मी आता गिअर खाली घेऊन इंजिनला ब्रेक मारायला लावतो. न्यूट्रलमध्ये उतार उतरल्याने काय होतं, हे कात्रज बोगद्यानंतरच्या नवले पुलाच्या उतारावर पुणेकरांनी पुरेसं पाहिलं आहे.

माझ्या पोलोला आता कंपनीच्या मापाची साधी डिस्क आहे, आर९०चा शिक्का असलेले पॅड आहेत आणि नवं डॉट-४ आहे. बसवताना मेकॅनिकने हबवरचा गंज घासून काढला, कारण तो राहिला तर नवी डिस्कही किंचित तिरकी फिरते आणि पुढे स्टीअरिंग थरथरलं की आपण 'डिस्क वाकली' म्हणून मोकळे होतो. मग रिकाम्या रस्त्यावर मध्यम जोराचे ब्रेक पुन्हा पुन्हा मारून पॅडचा थर डिस्कवर बसवून घेतला. तुमचा बेत डिस्क बदलायचा असेल, तर दुकानात जाण्याआधी टायरवरची तारीख वाचा आणि ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं होतं ते सर्व्हिसच्या वहीत बघा. उरलेल्या पैशांत डिस्क घ्या.