शेवटचा फटका

यंदाच्या पावसाळ्यांत आंतरशालेय फुटबॉल स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरींत आपल्या शाळेचा संघ पराभूत झाला, एवढें एक वाक्य या अंकाच्या क्रीडावृत्तांत वाचकांस आढळेल. त्या वाक्यांत माझें नांव नाहीं. परंतु ज्याच्या पायानें शेवटचा फटका चुकला तो विद्यार्थी मीच, हें प्रथम सांगितल्यावांचून पुढील लेखनास अर्थ राहणार नाहीं.

त्या दिवशीं निर्धारित वेळ संपली तेव्हां दोन्ही संघांचा एकेक गोल झाला होता. स्पर्धेच्या नियमाप्रमाणें निकाल पेनल्टीच्या फटक्यांवर आला. प्रतिपक्षाचे पांचही फटके यशस्वी झाले, आमचे चार झाले, आणि पांचवा माझा होता. चिखलानें माखलेला चेंडू मीं सदऱ्यास पुसून जागेवर ठेवला. उजवीकडे मारावयाचा असें मनाशीं ठरविलें. आणि धांवतां धांवतां विचार बदलला. चेंडू खांबाच्या बाहेरून निघून गेला. गोलरक्षकास हलावेंसुद्धां लागलें नाहीं. आमच्या संघांत दहावीचे पांच विद्यार्थी होते. शाळेच्या पोशाखांत ते पुन्हां कधींही खेळणार नव्हते, व त्याचें कारण मी होतों.

घरीं आल्यावर मी जेवलों नाहीं. वडिलांनीं कारण विचारिलें नाहीं. शेजाऱ्यांकडून त्यांस तें कळलेंच होतें. रात्रीं ते माझ्या मेजापाशीं येऊन बसले. त्यांनीं एका कागदावर १६ आडव्या रेघा ओढल्या आणि म्हणाले, "सोळा संघांतून एक विजेता निवडावयास किती सामने लागतील, सांग पाहूं." मी मोजूं लागलों: आठ, मग चार, मग दोन, शेवटीं एक, एकूण १५. "इतकें मोजावयास नको," ते म्हणाले. "प्रत्येक सामन्यांत एकच संघ बाद होतो. पंधरांस बाद करावयाचें, म्हणून सामने पंधरा. बत्तीस संघ असते तर एकतीस. या पद्धतींत विजेता एक. बाकीचे सारे एकेकदां हरून घरीं जातात. तुम्ही त्या पंधरांतले."

त्या रात्रीपासून या बाद पद्धतीविषयीं जें मिळेल तें मी वाचूं लागलों. १९३४ सालीं इटलींत भरलेली विश्वचषक स्पर्धा पहिल्या सामन्यापासूनच बाद पद्धतीची होती. १६ संघ आले आणि त्यांपैकीं ८ एकेकच सामना खेळून परतले. ब्राझील व अर्जेंटिना हे संघ महासागर ओलांडून आले होते. त्यांसही दुसरी संधि मिळाली नाहीं. बरोबरी झाल्यास सामना पुन्हां खेळावा लागे. फ्लॉरेन्स येथें इटली व स्पेन यांचा सामना जादा वेळेनंतरही १-१ असा राहिला, तेव्हां दुसऱ्याच दिवशीं ते संघ पुन्हां मैदानांत उतरले व इटलीनें १-० असा विजय मिळविला. १९६८ च्या युरोपीय स्पर्धेंत तर नेपल्स येथील उपांत्य सामन्यांत इटली व सोव्हिएट रशिया यांची बरोबरी सुटेना, म्हणून नाणें उडविण्यांत आलें आणि कौल इटलीस मिळाला. पेनल्टीच्या फटक्यांचा नियम झाला तो १९७० सालीं. ९० मिनिटें व त्यानंतर जादा वेळेचीं ३० मिनिटें खेळूनही निकाल न लागल्यास प्रत्येक संघानें ११ मीटरांवरून पांच फटके मारावयाचे. तरीही बरोबरी राहिली तर फरक पडेपर्यंत एकेक. विश्वचषकांत हा प्रसंग प्रथम १९८२ सालीं सेव्हिल येथें पश्चिम जर्मनी व फ्रान्स यांच्यावर आला. मला जो नियम निष्ठुर वाटला होता, त्याच्या पूर्वीं नाणेफेकीचा त्याहूनही निष्ठुर नियम होता, हें तेव्हां माझ्या ध्यानांत आलें.

पुढें विश्वचषकांत प्रारंभीं गटांतील साखळी सामने व त्यांतून निवडलेल्या संघांच्या बाद फेऱ्या, अशी रचना रूढ झाली. २०२६ सालच्या स्पर्धेसाठीं तर ४८ संघांची योजना होऊन त्यांतील ३२ बाद फेरींत घेण्याचें ठरलें. साखळींत एक पराभव भरून काढतां येतो. बाद फेरींत तो येत नाहीं. हा भेद समजण्यास १९९४ सालीं अमेरिकेंत खेळलेला इटलीचा संघ पाहावा. तो पहिलाच सामना आयर्लंडकडून हरला, गटांत तिसरा आला, तरीही पुढें गेला. नंतरच्या तीन बाद सामन्यांत त्यानें सहा गोल केले. त्यांपैकीं पांच एकट्या रॉबर्टो बॅजिओचे होते. नायजेरियाविरुद्ध ८८ व्या मिनिटास त्यानें बरोबरी साधली, आणि जादा वेळेंत विजयाचा गोल केला तोही पेनल्टीवरच.

ब्राझीलबरोबरचा अंतिम सामना पॅसाडीना येथें झाला. भारतांत तेव्हां मध्यरात्र उलटून गेली होती. माझे वडील त्या वेळीं आठवींत होते व शेजाऱ्यांच्या घरीं दूरदर्शन संचापुढें जागत बसले होते. सामना गोलशून्य राहिला, आणि शेवटचा फटका बॅजिओनें आडव्या खांबावरून उडविला. "मीं त्या रात्रीं त्याला पुष्कळ शिव्या दिल्या," वडील म्हणाले. "बऱ्याच वर्षांनीं हिशेब मांडून पाहिला. बारेसी आणि मासारो यांचेही फटके त्याआधीं फुकट गेले होते. बॅजिओचा गोल झाला असता तरी ब्राझीलचा एक फटका शिल्लक होता. लोकांना शेवटचा तेवढा दिसतो."

"मग त्याची चूक नव्हतीच काय?" मीं विचारिलें.

"होती," ते म्हणाले. "पण एवढीच होती."

आपल्या देशाच्या संघासही हा अनुभव आलेला आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकांत आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि पहिल्याच फेरींत फ्रान्सकडून २-१ असे हरले. त्या सामन्यांत मिळालेल्या दोन पेनल्टी भारतास साधतां आल्या नाहींत. स्पर्धा बाद पद्धतीची होती. परतण्यावांचून गत्यंतर नव्हतें. परंतु १९५६ सालीं मेलबर्न येथें भारतानें ऑस्ट्रेलियास ४-२ असें हरवून उपांत्य फेरी गांठली, व मुंबईच्या नेव्हिल डिसूझा यांनीं त्या सामन्यांत तीन गोल केले. हरलेला संघ स्पर्धेंतून बाद होतो. खेळांतून त्यास कोणी बाद करीत नाहीं.

हें सर्व वाचूनही चार दिवस मी सरावास गेलों नाहीं. पांचव्या दिवशीं सायंकाळीं आमचा कर्णधार घरीं आला. दहावीच्या त्या पांचांपैकीं तो एक. त्यास पाहतांच मी क्षमा मागूं लागलों. त्यानें सारें ऐकून घेतलें. "कांहीं हरकत नाहीं" असें तो म्हणाला नाहीं, आणि त्याबद्दल मी त्याचा आजही आभारी आहें. थोड्या वेळानें तो म्हणाला, "मला फार वाईट वाटलें. अजून वाटतें. उद्यांपासून सरावाला ये. सातवीच्या मुलांना पेनल्टी मारायला तूंच शिकव. धांवतांना विचार बदलला म्हणजे काय होतें, तें आमच्यांत तुझ्याइतकें कोणालाच ठाऊक नाहीं." यावर आम्ही दोघेही हंसलों, पण आधीं हंसला तो तो.

तेव्हांपासून दर शनिवारीं मी त्या मुलांस शिकवितों. जागा आधीं ठरवावी, आणि एकदां ठरविल्यावर ती बदलूं नये, एवढेंच सांगतों. वडिलांचा तो कागद माझ्या वहींत जपून ठेविला आहे. त्यावरील १६ रेघांपैकीं एकच शेवटपर्यंत जाते.

विद्यार्थीबंधूंस व पालकांस माझी एकच विनंति आहे. पुढील वर्षीं आपला संघ कोणत्याही फेरींत बाद झाला, तर शेवटचा फटका कोणाचा होता हें अवश्य विचारावें. परंतु तेथपर्यंतचे सामने कोणीं जिंकून दिले, तें त्याआधीं विचारावें.