मोजणीची फी: काही टिपणे

१.
बंगालचा कूळकायदा, १८८५. कलम ११४. गावाची मोजणी आणि हक्कनोंद यांचा खर्च जमीनदार नि कुळं यांनी उचलायचा. कुणी किती, ते सरकार ठरवणार. हप्तेही सरकारच पाडून देणार. थकवला तर वसुली जमीनमहसुलाच्या बाकीसारखी.
कायदा करणाऱ्यांनी वाटणीचं प्रमाण तेवढं कायद्यात घातलं नाही. शहाणे लोक.

२.
१८९० नंतर उत्तर बिहारात ही मोजणी सुरू झाली. जमीनदारांचं म्हणणं: आमचा सारा १७९३ सालीच कायमचा ठरला आहे, शेतन्‌शेत मोजून आम्हाला काय मिळणार? रयतेनं तर मोजणी मागितलीच नव्हती. तिच्या हाती खतियान पडायचं होतं. त्यात शेताचा नंबर, कसणाऱ्याचं नाव, आणि खंडाचा आकडा.
आकडा एकदा लिहिला गेला की तोंडी वाढवता येत नाही.

३.
त्याच कायद्यात आणखी एक वाट होती. गावातल्या पुष्कळ जमीनदारांनी किंवा पुष्कळ कुळांनी मागणी केली, तर सरकार मोजणी लावी. मात्र खर्चापोटी रक्कम मागणाऱ्यांनी आधी ठेवायची किंवा तिची हमी द्यायची.
गरज कुणाला, हे ओळखायची याहून सोपी रीत नसावी.

४.
रत्नागिरी जिल्हा. बांधाच्या अलीकडे जुन्या कुळाचा नातू, पलीकडे जुन्या खोताचा मुलगा. मुलगा म्हणजे पंचाहत्तरीचा.
"अण्णा, निम्मी फी तुम्ही घाला."
"जमीन कायद्यानं तुझी झाली ना? मग फीपण कायद्यानं तुझीच."
"पण बांध माझ्या अंगावर सरकलाय."
"मग घे मोजून. मी कुठं नको म्हणतोय?"

५.
निम्मी-निम्मी म्हणणाऱ्याला एवढंच विचारावं: मोजणीत जागा जास्त निघाली तर तीही निम्मी-निम्मी का?

६.
कोकणात खोत होता. गावाचा सारा सरकारात भरायचा, कुळांकडून बहुतेक धान्यात वसूल करायचा, मधलं ते त्याचं. रत्नागिरीच्या खाचरांतून सरकारी साखळी फिरली तेव्हा खोत बिथरले. साखळीमागोमाग कुळाचं नाव आणि त्याचं देणं दफ्तरात चढत होतं. हुज्जत इतकी वाढली की १८८० साली खोतीसाठी वेगळा कायदा करावा लागला.
पुढे कुलाबा जिल्ह्यात चरीच्या शेतकऱ्यांनी संप केला आणि वर्षामागून वर्षं खोतांची शेतं पडीक राहिली. १७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधानसभेत खोती मोडण्याचं विधेयक मांडलं. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. खोतांची घरं मात्र गावात अजून 'खोतांकडे' याच पत्त्यानं ओळखली जातात.

७.
शिवकालात काठी पाच हात पाच मुठींची. वीस काठ्या लांब, वीस काठ्या रुंद म्हणजे बिघा.
हात कुणाचा, मूठ कुणाची?

८.
इंग्रजांची साखळी ३३ फुटांची. ३३ गुणिले ३३ म्हणजे एक गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एकर. आता हाताचा प्रश्न मिटला. साखळी ताणून धरली होती की ढिली, हा सुरू झाला.

९.
१ एप्रिल १९५७, कृषक दिन. त्या दिवशी जमीन कसणारं कूळ मुंबई कूळकायद्यानं खरेदीदार मानलं गेलं. कलम ३२-ग ची सुनावणी, कायम कुळं सोडून इतरांसाठी शेतसाऱ्याच्या २० पट ते २०० पट किंमत, ती फेडली की ३२-म चा दाखला. किमतीचा हिशेब कायद्यानं इतका नीट बांधून दिला. कुळाचं शेत कोणत्या दगडापासून कोणत्या दगडापर्यंत, हे गावावर सोडलं. गावात ते सगळ्यांना ठाऊकच होतं.
ठाऊक असणारे एकेक करून गेले. सातबारा फुटला, नकाशा फुटायचा राहिला. सातबारावर नावं दोन आणि नकाशात तुकडा एक, अशी जमीन दाखवा म्हटलं तर फार हिंडावं लागणार नाही. आता नातवाला कर्ज हवंय, विहीर हवीय, नाहीतर विकायचंय. म्हणून पोटहिस्सा मोजणी. दाखल्यावर सही आजोबांच्या काळातली, फी नातवाच्या.

१०.
सरकारात भरायची फी हा या प्रकरणातला स्वस्त भाग. करवंदीच्या जाळ्या तोडायला माणसं, हद्दीला पुरायला दगड, चुना, मोजणीवाल्यांचं जेवणखाण, मुंबईहून येणाऱ्या भावाचं तिकीट. तारीख पुढे गेली की यातलं बरंच पुन्हा.
चहा मात्र दोन्ही बाजूंचे लोक घेतात. अर्जदाराच्या घरचा.

११.
गोव्यात भाटकार म्हणजे जमीनमालक, आणि मुंडकार म्हणजे त्याच्या जमिनीत घर करून राहणारा. १९७५ च्या कायद्यानं मुंडकाराला घर आणि भोवतालची जागा विकत घेता येते: पंचायत हद्दीत ३०० चौरस मीटरपर्यंत, शहरात २०० पर्यंत. घर दोघांनाही मान्य असतं. माडांपाशी आलं की टेप थांबते.

१२.
मोजणी पटली नाही तर निमताना. म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी. पुन्हा अर्ज, पुन्हा फी, पुन्हा दगड. यावेळी अर्ज बहुधा पलीकडचा करतो. पहिल्या वेळी 'फीशी माझा काय संबंध' म्हणणारा हाच.

१३.
आता रोव्हर आला. उपग्रहांकडून जागा विचारतो, साखळी नको, जाळ्या फारशा तोडाव्या लागत नाहीत. दाट आंब्याखाली मात्र अडतो.
वादाची झाडं बहुतेक आंब्याचीच.

१४.
एका वकिलांचं मत: वाटणीचा करार मोजणीआधी कागदावर करा, नंतर कुणी सही करत नाही. आधी तरी कोण करतं, हे त्यांनी सांगितलं नाही.

१५.
नियम आजचा: अर्ज करील त्याने फी भरायची. लगतच्या खातेदाराला नोटीस जाते. ती घ्यायला पैसे पडत नाहीत.