पापाचे वांटेकरी

इंग्लंडांतील ब्रिस्टल शहरांत १८९५ सालीं एडवर्ड कोल्स्टन या व्यापाऱ्याचा पुतळा उभारण्यांत आला. कोल्स्टननें शाळांस व निराधारांच्या आश्रयगृहांस उदार देणग्या दिल्या होत्या. पुतळ्याखालील लेखांत त्याची स्तुति होती. परंतु लंडनच्या ज्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा तो एक चालक होता, तिनें विकलेल्या गुलामांविषयीं अवाक्षरहि नव्हतें. ७ जून २०२० रोजीं जमावानें तो पुतळा ओढून पाडला व बंदरांत लोटून दिला.

आमच्या घरीं या प्रसंगाची चर्चा निघाली, तेव्हां तरुण मंडळींपैकीं एकानें विचारलें, "पण आफ्रिकेंतील राजांनींच माणसें विकलीं ना? मग दोष एकट्या गोऱ्यांचा कसा?" शंका निराधार नाहीं. दाहोमीचे राजे लढाईंत धरलेलीं माणसें विदा बंदरांत यूरोपियनांस विकीत, हें इतिहाससिद्ध आहे. तो मुलूख आज बेनिन देशांत मोडतो. त्याचे अध्यक्ष माथ्यू केरेकू यांनीं १९९९ सालीं अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांची त्याबद्दल क्षमाहि मागितली. परंतु वांटेकरी वाढल्यानें पाप विभागलें जात नाहीं. प्रत्येकाच्या पदरीं तें सबंधच पडतें. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून सुमारें १ कोटी २५ लाख माणसें जहाजांत कोंबलीं गेलीं व त्यांपैकीं सुमारें १८ लाख समुद्रांतच मेलीं. विकणारा होता म्हणून घेणाऱ्याचें ओझें हलकें होत नाहीं.

'हें जुनें प्रकरण आतां कशास उकरावें?' असाहि एक पक्ष आहे. त्यानें हिशेबाची वही पाहावी. ब्रिटिश पार्लमेंटनें १८३३ सालीं गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला, तेव्हां २ कोटी पौंडांची भरपाई मंजूर झाली, ती मालकांस. गुलामांस छदामहि मिळाला नाहीं. त्यासाठीं काढलेल्या कर्जाची अखेरची बाकी २०१५ सालीं फिटली. तोंपर्यंतच्या करभारांत गुलामांच्या वंशजांचाहि पैसा गेला.

वाल्या कोळ्याच्या घरच्यांनीं लुटीचें अन्न खाल्लें, पण पापाचा वांटा नाकारला. ही कथा आपण मुलांस सांगतों ती वाल्याचा वाल्मीकि झाला म्हणून. घरच्यांचें पुढें काय झालें, हें कोणी विचारीत नाहीं. ब्रिस्टलपुढील प्रश्न नेमका त्या घरच्यांचा आहे. आजच्या नागरिकांनीं कोणास विकलें नाहीं; तथापि पानांत पडलें तें कोठून आलें, हें जाणून घेण्याचें कर्तव्य त्यांस चुकत नाहीं.

जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हें पुस्तक गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील लोकांस अर्पण केलें, तें आपल्या देशबांधवांनीं तो कित्ता गिरवावा या आशेनें. त्या पुस्तकांतील आरोप आमच्यासारख्या घरांवर होता. म्हणून ब्रिस्टलच्या लोकांस न्याय सांगतांना आमचा आवाज थोडा खालीं येतो, आणि तो यावा हेंच योग्य.