चप्पल निसटली तर कळतं का?

पहिल्या वर्षाच्या फिजिऑलॉजीच्या जर्नलमध्ये मज्जासंस्थेच्या तपासणीचं पान आलं की उजव्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द भरायचा असे: नॉर्मल. टोन नॉर्मल, पॉवर नॉर्मल, रिफ्लेक्स नॉर्मल. स्पर्श, वेदना, कंपन, तोल, सगळं नॉर्मल. तपासणारे आम्ही अठरा-एकोणीस वर्षांचे आणि तपासून घेणारेही आम्हीच, मग दुसरं काय निघणार? बॅचमधला एकजण टेबलावर पाय सोडून बसायचा, दुसरा हातोडी घ्यायचा, मग अदलाबदल, मग मॅडमची सही. खरा पेशंट कधी दिसणार म्हणून पुष्कळांची कुरकुर चाले. मला मात्र आज ते वर्ष फार श्रीमंत वाटतं. त्या एका शब्दात शरीराची केवढी मेहनत भरलेली असते, ते मला तिथे दिसायला लागलं.

गुडघ्याच्या वाटीखाली बोट फिरवलं की एक ताठ पट्टी लागते. हातोडी तिच्यावर टाकायची; मारायची नाही. मनगट सैल सोडायचं आणि हातोडीच्या डोक्याला आपल्याच वजनाने पडू द्यायचं. कंडरा किंचित दबते, मांडीचा स्नायू कणभर ताणला जातो, आणि त्या स्नायूच्या पोटात जे सूक्ष्म संवेदक दडलेले असतात त्यांना तेवढा ताण पुरतो. खबर कमरेच्या पातळीवर मज्जारज्जूत शिरते, तिथे एकाच टप्प्यावर दुसऱ्या चेतापेशीच्या हवाली होते आणि उलट पावली स्नायूकडे येते. पाय उडतो. स्नायूला जाग यायला सेकंदाचा जेमतेम पन्नासावा भाग लागतो. तेवढ्यातच मांडीच्या मागच्या स्नायूंना ‘सैल पडा’ असा निरोपही गेलेला असतो, नाहीतर पुढचा ओढेल आणि मागचा अडवेल. मेंदूला हे सगळं मागाहून कळतं. माझाच पाय, आणि माझ्या आधी हलला! पहिल्यांदा हे ध्यानात आलं तेव्हा मी टेबलावरून उतरायची विसरले होते.

माणसं युगानुयुगं पायावर पाय टाकून बसत आली, पण हा झटका वैद्यकाच्या नजरेत भरला तो 1875 मध्ये. हायडेलबर्गचा विल्हेल्म अर्ब आणि बर्लिनचा कार्ल वेस्टफाल, दोघांनी एकाच वर्षी तो स्वतंत्रपणे मांडला. पुढे दहा वर्षांनी बुडापेस्टच्या एर्नो येंड्रासिकने दाखवून दिलं की जो रिफ्लेक्स येत नाही असं वाटतं, तो पुष्कळदा नुसता दडलेला असतो. पेशंटला दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढायला सांगायचं आणि त्याच क्षणी हातोडी टाकायची. हातांच्या त्या जोराने पाय बोलता होतो. पेशंट आपल्या गुडघ्याकडे टक लावून बसला तर काहीच नीट येत नाही, म्हणून आमचे सर हातोडी उचलता उचलता विचारायचे, “काका, गाव कुठलं तुमचं? यंदा पाऊस कसाय?” काका पावसाचं सांगण्यात गुंतले की पाय आपलं उत्तर देऊन मोकळा व्हायचा.

थिअरीच्या पुस्तकात मज्जातंतूंच्या वेगाचं एक कोष्टक असतं. परीक्षेपुरतं पाठ करून सगळे ते विसरतात, मला ते कधीच रुक्ष वाटलं नाही. स्नायूंची खबर नेणारे जाड, मायलिनच्या वेष्टनाचे तंतू सेकंदाला 70 ते 120 मीटर धावतात. जळजळ नेणारे बारीक, उघडे तंतू सेकंदाला मीटर-दीड मीटर, म्हणजे माणसाच्या चालीने. उंबरठ्याला करंगळी आपटते तेव्हा हे कोष्टक अंगात उघडतं. आधी चटकन एक तीक्ष्ण कळ येते. मग क्षणभर काहीच नाही; आपण ओठ दाबून वाट बघत असतो, कारण खरं दुखणं अजून वाटेत आहे हे लहानपणापासून ठाऊक असतं. सुमारे सेकंदभर मागून ते येतं, आणि रेंगाळतं. हा वेग मोजताच येणार नाही, असं योहानेस म्युलरसारखा मोठा शरीरशास्त्रज्ञ मानत होता. 1850 मध्ये त्याचाच विद्यार्थी हेल्महोल्ट्झ याने बेडकाच्या पायाचा मज्जातंतू घेऊन तो मोजला. सेकंदाला साधारण 27 मीटर भरला. आज मधुमेहाने पाय बधिर झालेला माणूस नर्व्ह कंडक्शनच्या खोलीत जातो तेव्हा यंत्र बदललेलं असलं तरी रीत तीच असते. दोन ठिकाणी विजेचा हलका झटका द्यायचा, वेळेतला फरक बघायचा, मधल्या अंतराला त्याने भागायचं.

‘नॉर्मल’ सगळ्यांना सारखं नसतं, हे मला एका तान्ह्या बाळाच्या तळव्याने शिकवलं. तळव्याच्या बाहेरच्या कडेने टाचेपासून करंगळीच्या बुडापर्यंत बोथट टोक ओढलं की मोठ्या माणसाचा अंगठा खाली वळतो. तो वर उठला आणि बाकीची बोटं पंख्यासारखी फाकली, तर मेंदूकडून खाली उतरणाऱ्या मुख्य वाटेवर कुठेतरी घाव आहे. जोसेफ बाबिन्स्कीने 1896 मध्ये पॅरिसमध्ये हे सांगितलं, तेही अवघ्या काही ओळींच्या टिपणात. पण माझ्या तीन महिन्यांच्या भाचीचा अंगठा डौलात वर गेला, आणि ते अगदी बरोबर होतं. तिच्या त्या वाटेवर मायलिनचं वेष्टन अजून चढायचं होतं. तिकडे आजोबांच्या घोट्याचा रिफ्लेक्स हरवलेला आणि अंगठ्यावर ठेवलेल्या ट्युनिंग फोर्कची झिणझिण त्यांना जेमतेम कळणारी. त्यांच्या वयाला तेही चालण्यासारखं. एका वयाचं निरोगीपण दुसऱ्या वयात आजार ठरतं. जर्नलच्या रकान्यात हे मावत नव्हतं.

वॉर्डात पाऊल टाकलं आणि पुस्तकात न सापडणारी तपासणी भेटली. मेडिसिनची रेसिडेंट खाटेच्या कडेला टेकून विचारायची, “मावशी, उकिडवं बसून हात न टेकता उठता येतं? वरच्या फळीवरचा डबा काढता येतो? भात कालवून घास करता येतो का? ब्लाउजची हुकं लावता येतात?” पहिल्या दोन प्रश्नांत कंबर-खांद्याजवळचे मोठे स्नायू, पुढच्या दोन्हींत हाताचे बारीक स्नायू आणि बोटांची जाण. आणि मग तो माझा सगळ्यात आवडता प्रश्न: “चालताना पायातली चप्पल निसटते का? निसटली तर कळतं का?” कळतं पण धरून ठेवता येत नाही, तर पावलाचे स्नायू अशक्त. कळतच नाही, कुणीतरी मागून हाक मारून सांगतं, तर संवेदना गेली. दोन्हीकडे चप्पल रस्त्यातच राहते, पण आजाराची जागा वेगळी. बूट घालणाऱ्या देशात लिहिलेल्या ग्रंथांना हा प्रश्न सुचायचं कारण नव्हतं. तो इथल्या मातीच्या रस्त्यांवर, इथल्या डॉक्टरांनी घडवला आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

एक आजोबा सांगत होते, दिवसभर ठीक असतं, पण सकाळी मोरीत उभं राहून तोंडावर पाणी मारलं की झोक जातो. रेसिडेंटने त्यांना पावलं जुळवून उभं केलं, स्वतः हात पसरून मागे उभी राहिली आणि म्हणाली, “आजोबा, आता डोळे मिटा.” ते डुलले, तिने सावरलं. ही रोम्बर्गची चाचणी. पाय कुठे आहेत ते पायांकडून कळेनासं झालं होतं, आणि एवढे दिवस डोळे ती उणीव भरून काढत होते. तोंड धुताना डोळे मिटले की आधार सुटायचा. बी-12 तपासलं, फारच कमी निघालं. शुद्ध शाकाहारी घरात हे पुष्कळदा आढळतं. इंजेक्शनं सुरू झाली. एमआरआयच्या आधी, मोरीतल्या एका तक्रारीवरून मज्जारज्जूच्या मागच्या भागापर्यंत पोचता येतं, यावर तोवर माझा पुस्तकी विश्वास होता. त्या दिवशी तो डोळ्यांनी पाहिला.

इंटर्नशिपमध्ये ग्रामीण पोस्टिंग विदर्भात होतं. तिथे कुष्ठरोगाच्या सर्वेक्षणाला आशाताई आणि कुष्ठरोग तंत्रज्ञ ताईंबरोबर जायची. या आजाराचा जंतू कातडीइतकाच मज्जातंतूंना धरतो, आणि अंगाचा जो भाग थंड तिथे जास्त. ताईंच्या खिशात साधं बॉलपेन, तेच त्यांचं यंत्र. शाळेच्या ओसरीवर एक शेतकरी बसला होता, दंडावर रुपयाएवढा फिकट चट्टा. आधी डोळे उघडे ठेवून त्याला समजावलं: टोक लागेल तिथे बोट ठेवायचं. मग डोळे मिटवले. तळहातावर अंगठ्याच्या बाजूला टोक लागलं, त्याने अचूक बोट ठेवलं. मधल्या बोटाखाली लागलं, ठेवलं. करंगळीच्या बाजूला टोक टेकलं आणि तो तसाच बसून राहिला, पुढच्या स्पर्शाची वाट बघत. ताईंनी पेन पुन्हा टेकवलं. तो अजून वाट बघत होता. त्यांनी त्याचं कोपर हातात घेऊन आतल्या हाडामागची नस चाचपली आणि माझं बोट तिथे ठेवलं. दोरीसारखी जाड लागली. मी लगेच दुसरं कोपर चाचपलं. तिथली मऊ, बोटाखालून सरकणारी होती. नॉर्मल नस माझ्या हाताला आधीपासून माहीत होती म्हणून तो फरक बोटाला समजला.

ताईंनी नाव लिहून घेतलं, गोळ्या फुकट मिळतील, महिन्याचं पाकीट दर महिन्याला न्यायचं, मधेच सोडायचं नाही, हे दोनदा सांगितलं. करंगळीला चटका लागला तरी कळणार नाही, म्हणून चुलीपाशी आणि विळा धरताना रोज हात डोळ्यांनी बघायला शिकवलं. तो उठायला लागला तशा म्हणाल्या, “भाऊ, उद्या घरच्या सगळ्यांना घेऊन या. लेकरांनापण.”