बिननावाची बाहुली

१९५५ साली कॅलिफोर्नियात ॲनाहाइमला डिस्नेलँड उघडलं, तेव्हा स्नो व्हाइटच्या राईडमध्ये स्नो व्हाइटच नव्हती. बुटके होते, चेटकीण होती, अंधारं रान होतं. पण जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती राजकन्या कुठे दिसायची नाही. शेजारच्या राईडमध्ये उडत्या गलबतातून रात्रीच्या लंडनवरून जाताना पीटर पॅन दिसत नसे. मिस्टर टोडच्या वेड्यावाकड्या मोटारीत मिस्टर टोड नसे. ही विसरभोळेपणाने राहून गेलेली गोष्ट नव्हती. राईड आखणाऱ्यांच्या मनात होतं की गाडीत बसलेलं पोर हीच स्नो व्हाइट, तोच पीटर, तोच टोड. चेटकीण जिच्यावर डोळे वटारते ती तूच, मग वेगळी राजकन्या कशाला हवी?

लोकांना हे उमगलं नाही. राईडमधून बाहेर पडून ते विचारत, ‘स्नो व्हाइट कुठे होती?’ १९८३ साली फँटसीलँडचं, म्हणजे या राईड्स असलेल्या भागाचं, मोठं नूतनीकरण झालं, तेव्हा तिची आकृती आणून उभी केली, पीटरलाही आणलं. मी पाहिल्या त्या या बदललेल्या राईड्स. आधीचं सगळं मला थोरांच्या बोलण्यातून आणि पुस्तकांतून कळलं. पण जुन्या राईडमध्ये ओळखीची पात्रं आणण्याचा विषय निघाला की मला आधी ती रिकामी जागा आठवते. ती आपल्यासाठी राखून ठेवलेली होती.

माझं बालपण लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला गेलं. ऐंशीच्या दशकात तिथे मराठी घरं तुरळक होती. गणपतीला, दिवाळीला कुणाच्या तरी हॉलमध्ये चटया अंथरून सगळे जमायचे. आणि भारतातून कुणाचे आईवडील आले की त्यांना डिस्नेलँड दाखवणं हा ठरलेला कुळाचार होता. आमची आजी कऱ्हाडहून आली, तेव्हा तिलाही नेलं. उंचावरून सूं करत खाली येणाऱ्या गाड्यांना तिने लांबूनच हात जोडले. तिला रमली ती एकच राईड, ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’.

या राईडचा जन्म न्यूयॉर्कचा. १९६४च्या जागतिक मेळ्यात पेप्सीला युनिसेफच्या सन्मानार्थ एक दालन उभारायचं होतं. कंपनीचं ठरता ठरेना. संचालक मंडळावर असलेल्या अभिनेत्री जोन क्रॉफर्ड यांनी आग्रह धरला आणि काम डिस्नेकडे गेलं. हाताशी धड वर्षभरही उरलं नव्हतं. रंगसंगती आणि एकूण रूप मेरी ब्लेअर या चित्रकर्तीचं. मार्क डेव्हिस यांनी प्रसंग रचले, त्यांच्या पत्नी ॲलिस डेव्हिस यांनी कपडे केले, खेळणी रॉली क्रम्प यांची. बाहुल्यांचा चेहरा ब्लेन गिब्सन यांनी घडवला, आणि तो सगळ्यांना एकच. जपानची असो, हॉलंडची असो की घानाची, गाल, नाक, हसू तेच. फरक कातडीच्या रंगाचा, केसांचा आणि पोशाखाचा.

गाण्याची कथा तर मला फार आवडते. सुरुवातीला प्रत्येक देशाच्या बाहुल्या आपापलं राष्ट्रगीत म्हणणार होत्या. होडी पुढे सरकली की एका राष्ट्रगीतावर दुसरं, दुसऱ्यावर तिसरं चढायचं आणि नुसता गोंगाट व्हायचा. मग वॉल्ट डिस्ने यांनी रॉबर्ट आणि रिचर्ड शर्मन या भावांना सांगितलं की कुठल्याही भाषेत म्हणता येईल असं एकच साधं गाणं करा. क्यूबाच्या क्षेपणास्त्रांवरून जग युद्धाच्या कडेवर येऊन उभं राहिलं होतं, त्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. त्या भीतीच्या सावलीत ते गाणं लिहिलं गेलं. त्याची चाल आधी संथ, प्रार्थनेसारखी होती. मग ती जलद केली. मेळा संपल्यावर सगळं ॲनाहाइमला हलवलं आणि २८ मे १९६६ला राईड पुन्हा उघडली. त्या दिवशी जगातल्या निरनिराळ्या समुद्रांचं आणि नद्यांचं पाणी मुलांनी तिच्या कालव्यात ओतलं.

आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं. इंग्रजी तिला येत नव्हतं आणि या राईडमध्ये त्याची गरजही पडली नाही. होडीत बसल्यावर थोड्या वेळाने ती बाहुल्यांना नावं ठेवू लागली. नावं ठेवणं म्हणजे बारशातलं. लाकडी बूट घातलेली ती चिंगी. शेळी घेऊन उभा तो बंड्या, कारण बंड्याचंही असंच लक्ष नसतं. एक जरा मान वाकडी करून गाणारी होती, ती आमची धाकटी आत्या. कऱ्हाडच्या वाड्यातली सगळी पोरं तिला त्या होडीच्या दोन्ही काठांवर सापडली. मग ताजमहालापाशी आल्यावर तिने मला विचारलं, ‘तू कुठली गं?’ मी एका निळ्या झग्यातल्या मुलीकडे बोट दाखवलं. ती कोणत्या देशाची होती, आजही मला सांगता येणार नाही. त्या बाहुल्यांना नाव नव्हतं म्हणूनच हे जमलं. आत तीनशेच्या वर बाहुल्या होत्या आणि एकीलाही गोष्ट नव्हती, सिनेमा नव्हता. बघणाऱ्याने जे दिलं ते त्यांनी घेतलं.

२००८च्या आरंभी ही राईड बंद ठेवली. पाण्याचा पाट जुना झाला होता, तो बदलायचा होता. २००९च्या फेब्रुवारीत ती उघडली तेव्हा बाहुल्यांमध्ये डिस्ने आणि पिक्सारच्या सिनेमांतली तीसेक पात्रं आली होती. इंग्लंडात ॲलिस आणि पांढरा ससा, फ्रान्समध्ये सिंड्रेला, इटलीत पिनोकिओ, चीनमध्ये मुलान, गालिच्यावर अल्लादीन आणि जास्मिन, दक्षिणेच्या समुद्राकाठी लिलो आणि स्टिच. शिवाय अमेरिकेचा एक नवा देखावा आणि त्यात ‘टॉय स्टोरी’मधले वुडी आणि जेसी. हाँगकाँगला हीच राईड २००८ साली उघडली, ती पात्रांसकटच. टोकियोत २०१८ साली तसंच झालं.

मेरी ब्लेअर १९७८ साली वारल्या होत्या. हा बदल होणार अशी कुणकुण लागली, तेव्हा त्यांच्या कुटुंबीयांनी जाहीर विरोध केला. डिस्नेकडून मार्टी स्क्लार यांनी उत्तर दिलं. त्यांचा मुद्दा असा की डिस्नेलँड हे काही वस्तुसंग्रहालय नाही, ते बदलत राहावं हीच वॉल्ट यांची इच्छा होती. हे खरंच आहे. आणखी एक गोष्टही डिस्नेच्या बाजूने सांगायला हवी. ‘सिंड्रेला’, ‘ॲलिस इन वंडरलँड’, ‘पीटर पॅन’ या सिनेमांच्या रंगांची कल्पना मेरी ब्लेअर यांचीच. म्हणजे त्यांच्या घरात परकी माणसं घुसवली असं म्हणता येत नाही. नव्या बाहुल्या त्यांच्याच शैलीत घडवल्या आहेत, रंगही बेताने वापरलेत. कारागिरीबद्दल माझी तक्रार नाही.

माझं दुखणं वेगळं आहे. आता मी भाच्याला घेऊन जाते. होडी सुटली की त्याचा शोध सुरू होतो. ‘मावशी, तो बघ स्टिच! वुडी कधी येणार?’ दोन पात्रांच्या मधला भाग त्याच्या दृष्टीने वाट बघण्याचा. त्या मधल्या भागात मेरी ब्लेअर यांचा सगळा संसार आहे. एकावर एक बसवलेले गुलाबी आणि नारिंगी चौकोन, कागदी वाटावेत असे सूर्य, आणि शेवटचा तो पांढराशुभ्र देखावा, जिथे सगळ्या देशांच्या बाहुल्या पांढऱ्या कपड्यांत एकत्र गातात. भाचा ते पाहतो, पण त्याचा डोळा तिथे ठरत नाही. त्याला दोष कसा देणार? ओळखीचा चेहरा दिसला की आपणही गर्दीत दुसरीकडे बघत नाही. ओळख पटली की बघणं थांबतं. आजीने चिंगीला शोधून काढलं होतं आणि भाच्याला स्टिच सापडतो, या दोन्हींत मला जमीनअस्मानाचं अंतर दिसतं. चिंगी तिथे नव्हतीच, आजीने तिला तिथे नेलं.

तरी सगळ्याच राईड्सना मी एक न्याय लावणार नाही. पाणबुडीचंच बघा. १९५९ साली सुरू झालेल्या त्या राईडमध्ये मी लहानपणी पिवळ्या पाणबुडीत बसले आहे. गोल खिडकीला नाक लावायचं. बाहेर बुडबुडे उसळायचे आणि आपण खोल खोल चाललो असं वाटायचं. खरं तर ती तसूभरही खाली जात नसे. ध्रुवाखालचा बर्फ, जलपऱ्या, बुडालेलं अटलांटिस आणि शेवटी तिरळ्या डोळ्यांचा सागरी सर्प. १९९८ साली ती बंद पडली आणि कित्येक वर्षं ते तळं तसंच ओकंबोकं राहिलं. तिथून जाताना माझा पाय आपोआप मंदावायचा. २००७ साली पाणबुड्या परत आल्या त्या निमोच्या बोटाला धरून. पाण्याखालच्या देखाव्यात आता सिनेमातले मासे बोलतात, हसतात, हरवतात. ध्रुव गेला, सर्प गेला. पण निमो नसता तर पाणबुड्याच आल्या नसत्या असं मला मनापासून वाटतं, आणि म्हणून त्या छोट्या माशाचे मी उपकारच मानते. भाचा खिडकीला नाक लावतो तेव्हा बुडबुडे तेच असतात.

‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ची गोष्ट मात्र मला अजून पटलेली नाही. वॉल्ट डिस्ने यांनी जातीने लक्ष घातलेल्या शेवटच्या राईड्सपैकी ही एक. डिसेंबर १९६६ मध्ये ते गेले आणि मार्च १९६७ मध्ये ती उघडली. मार्क डेव्हिस यांनी रेखाटलेल्या त्या चाच्यांना नावं नव्हती. पुलावरून मळका पाय खाली सोडून बसलेला चाचा, तुरुंगाच्या किल्ल्या तोंडात धरून बसलेल्या कुत्र्याला गजांआडून हाडाचं आमिष दाखवणारे कैदी. होडी समोरून जाईल तेवढाच वेळ त्यांची भेट, आणि उरलेली गोष्ट ज्याने त्याने घरी जाऊन पुरी करायची. २००३ साली या राईडवरून सिनेमा निघाला. तो चालला आणि २००६ साली त्यातला जॅक स्पॅरो राईडमध्ये येऊन बसला, तीन ठिकाणी. किल्ल्यावर तोफा डागणाऱ्या गलबताचा कप्तान बार्बोसा झाला. विहिरीत बुचकळल्या जाणाऱ्या बिचाऱ्याला आता जॅक स्पॅरोचा पत्ता विचारतात. राईडने सिनेमा जन्माला घातला आणि सिनेमाने आईला आपलं आडनाव लावायला लावलं. गावभर पसरलेली शंभर गोष्टींची रात्र होती, ती आता एका माणसाच्या शोधाची झाली आहे.

‘स्प्लॅश माउंटन’ जाऊन २०२४ साली तिथे राजकन्या टियाना आली, त्याला मात्र मी या हिशेबात धरत नाही. ती राईड गुलामगिरीच्या प्रदेशाचं गोड चित्र रंगवणाऱ्या सिनेमावर उभी होती. ते गेलं हे बरं झालं.

बदल मागे घेता येतो, याचंही उदाहरण आहे. फ्लोरिडातल्या ‘टिकी रूम’मध्ये १९९८ साली ‘अल्लादीन’मधला इयागो आणि ‘लायन किंग’मधला झाझू हे दोन पक्षी आणून बसवले होते. जुन्या गाणाऱ्या पोपटांची टिंगल करत त्यांचा कार्यक्रम चालायचा. २०११च्या जानेवारीत तिथे आग लागली. त्याच वर्षी ते दालन पुन्हा उघडलं तेव्हा नवे पाहुणे गेले होते आणि मूळचे पोपट परत गाऊ लागले होते.

आणि ॲनाहाइमच्या ‘हाँटेड मॅन्शन’ने तर भांडणाचं कारणच ठेवलेलं नाही. २००१पासून दर वर्षी शरद ऋतूत तिथल्या भुतांच्या घरात ‘नाइटमेअर बिफोर ख्रिसमस’मधला जॅक स्केलिंग्टन आपला लवाजमा घेऊन येतो. नाताळ उलटला की सगळं उतरवतात आणि १९६९ सालचं घर पुन्हा जसंच्या तसं उभं राहतं. दोन्ही पाहणारे खूश. माझा भाचा पहिल्या प्रकारातला, मी दुसऱ्या.

‘स्मॉल वर्ल्ड’ला हे का जमू नये? नाताळच्या सजावटीसाठी ती राईड एरवीही बंद ठेवतात आणि जानेवारीत ती उतरवायला पुन्हा बंद ठेवतात. कारागीर आत असतातच. दिवे आणि झुरमुळ्या काढता काढता त्याच हातांनी वुडी, स्टिच, सिंड्रेला आणि उरलेल्या पंचवीसेक जणांनाही खाली उतरवावं आणि वसंत येईपर्यंत विश्रांती द्यावी. जानेवारी-फेब्रुवारीत उद्यानात गर्दीही कमी असते. वर्षाचे उरलेले महिने ती पात्रं खुशाल नांदोत, माझं काही म्हणणं नाही. पण त्या दोन महिन्यांत मला भाच्याला त्या होडीत बसवायचं आहे, आणि आजीने मला जे विचारलं होतं तेच त्याला विचारायचं आहे. त्याच्या वर्गात चोवीस मुलं आहेत, बहुतेकांची नावं त्याला तोंडपाठ आहेत. तेवढ्यांसाठी बाहुल्या तिथे नक्की पुरतील.