छायाचित्रातला अनुस्वार

मराठीच्या अध्यापकांनी मोबाइलच्या कॅमेऱ्याविषयी लिहावे, यात थोडा अधिकारातिक्रम आहे हे आम्हांला मान्य आहे. छायाचित्रणाचे शास्त्र आम्ही दोघींपैकी कुणीच शिकलेलो नाही. परंतु हस्तलिखिताच्या पानाचे छायाचित्र बिघडले तर काय हरवते, हे मात्र आम्ही अनुभवाने शिकलो. आणि ते शिकणे महागात पडले.

२०१८च्या डिसेंबरात आमच्या एका विद्यार्थिनीने तिच्या पणजीची वही पाहायला आम्हांला घरी बोलावले. सांगली जिल्ह्यातले कृष्णाकाठचे गाव. वही १९४०च्या दशकातली, टाकाने लिहिलेली, शंभरावर पानांची. तीत ओव्या, उसनवारीचा हिशेब, बाळंतिणीच्या काढ्यांच्या कृती आणि अधूनमधून दोन-चार ओळींत दिवसाची हकिगत. वही घराबाहेर द्यायला आजोबांचे मन होईना, आणि आम्हांला तर शेवटची एसटी गाठायची होती. तेव्हा दिवेलागणीला, माजघरातल्या एका बल्बच्या उजेडात, एकीने पाने उलटली आणि दुसरीने हातात फोन धरून ती टिपली. तासाभरात काम संपले. फोनच्या पडद्यावर अक्षरे स्वच्छ दिसत होती; तेवढ्यावर आम्ही समाधान मानले. उन्हाळ्याच्या सुटीत पुन्हा येऊ, असे म्हणून निघालो. सुटी उत्तरपत्रिकांत गेली. ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णेला महापूर आला आणि पाणी माजघरातल्या फडताळापर्यंत चढले. माणसे सुखरूप राहिली. वहीचा लगदा झाला.

त्यानंतर आम्ही छायाचित्रांवरून वही उतरवून घ्यायला बसलो. एका पानावर वाक्य आहे : ‘पुस्तक आणविलें. त्यास कळूं दिलें नाहीं.’ की ‘त्यांस’? आदल्या ओळीत नवरा आणि धाकटा दीर, दोघांचाही उल्लेख आहे. ही बाई नवऱ्याविषयी सर्वत्र आदरार्थी अनेकवचन वापरते, दिराविषयी एकवचन. म्हणजे बाईने पुस्तक कोणापासून लपवले, हे त्या एका बिंदूवर ठरायचे. दिरापासून लपवले असेल तर ती घरातली थट्टा. नवऱ्यापासून असेल तर वाक्याचे वजनच बदलते. १९६२ साली स्वीकारल्या गेलेल्या शुद्धलेखन-नियमांनी कितीतरी अनुच्चारित अनुस्वार मराठीतून काढून टाकले. पण हा त्यांतला नव्हे. हा अर्थ वाहणारा आहे.

चित्र मोठे करून पाहिले. ‘त्या’च्या डोक्यावर एक फिकट डाग आहे. आमच्यापैकी एकीला तो अनुस्वार वाटतो, दुसरीला मागच्या पानावरून उमटलेली शाई. भोवतीचा कागद नुकताच गिलावा केलेल्या भिंतीसारखा गुळगुळीत दिसतो.

तो तसा का दिसतो, हे आम्ही पुढे समजून घेतले. फोनचा संवेदक जेमतेम नखाएवढा. उजेड कमी असला की त्याच्या चित्रात कण-कण उमटतात, आणि ते लपवण्यासाठी फोनमधली आज्ञावली चित्रावरून हात फिरवते. नको असलेला कण कोणता आणि अनुस्वार कोणता, हे तिला कळण्याचे कारण नाही. मेगापिक्सेलचा दोष मुळीच नव्हता. १२ मेगापिक्सेलचे चित्र साधारण ४००० बाय ३००० बिंदूंचे असते. वीस सेंटिमीटर उंचीच्या पानाने चौकट भरली तर इंचामागे सुमारे ५०० बिंदू मिळतात. वहीच्या पानाला ते पुष्कळ झाले. आमच्याकडे बिंदू होते, उजेड नव्हता, आणि हात स्थिर नव्हता.

आता विद्यार्थ्यांना घेऊन अशा कामाला जातो तेव्हा आम्ही सकाळी जातो. आधी लेन्स मऊ कापडाने पुसायची. खिशातल्या फोनच्या लेन्सवर बोटांचा तेलकटपणा असतोच. वही खिडकीपाशी ठेवायची, पण थेट उन्हात नाही. ज्या बाजूला सावली पडते तिकडे एक कोरा पांढरा कागद उभा करायचा. फ्लॅश बंद; तो पानाच्या मध्यावर पांढरा डाग पाडतो. पानाखाली काळा कागद सरकवला की मागची शाई बरीच दबते. दोन्ही बाजूंना पुस्तकांच्या सारख्या थप्प्या रचून वर फोन पानाला समांतर ठेवायचा आणि तीन सेकंदांचा टायमर लावायचा, म्हणजे बोटाचा धक्काही लागत नाही. बोटांनी चित्र ओढून मोठे करायचे नाही; ते बहुधा चित्राचा तुकडा ताणणेच असते. त्याऐवजी फोन जवळ न्यायचा. अक्षरावर बोट दाबून फोकस पक्का करायचा. शंकास्थळी उजेड अगदी तिरका पाडून आणखी एक चित्र घ्यायचे. टाकाने कागदावर पाडलेला ओरखडा त्यात दिसू शकतो. आणि निरोपांच्या अ‍ॅपवरून चित्र पाठवायचेच झाले तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायचे, एरवी ते आक्रसते.

मात्र सर्वांत महत्त्वाची गोष्ट कॅमेऱ्याची नाही. मूळ पान समोर असतानाच त्याचे चित्र मोठे करून, ओळीवर बोट ठेवून वाचायचे. एकाने पान वाचायचे, दुसऱ्याने चित्र. विद्यार्थी कंटाळतात. ‘मॅडम, घरी जाऊन बघू की,’ असे कुणीतरी म्हणतेच. तेव्हा आम्ही त्यांना हे वाक्य दाखवतो.

पाठचिकित्सा शिकवताना आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो की, शंका आली तर दुसरी प्रत पाहावी. या वहीला दुसरी प्रत नव्हती. जी झाली ती आमच्याच हातची, आणि ती सदोष आहे. उतरवलेल्या संहितेत आम्ही ‘त्या[ं]स’ असे लिहिले आणि खाली टीप दिली : मूळ नष्ट; छायाचित्रावरून निर्णय होत नाही. विद्यार्थिनीने टीप वाचली आणि विचारले, ‘पण पुस्तक कोणतं होतं?’ ते वहीतच लिहिलेले नाही. तेवढा एक दोष आमच्या फोनचा नव्हे.